दवंडीसाहेब आणि आमची गिरणी

आमच्या साहेबांना कुजबुजता येत नसे. प्रयत्न करायचे बिचारे, नाही असं नाही. मान खाली घालायची, तोंडाशी हात धरायचा, डोळे बारीक करायचे, सगळी तयारी कुजबुजीची. आणि आवाज असा निघायचा की शेजारच्या कारखान्याचा वॉचमन खुर्चीतून उठून उभा राही. एकदा शेठच्या केबिनबाहेर उभं राहून त्यांनी मला "शेठचा मूड आज खराब दिसतो" असं कानात सांगितलं. आतून शेठचं उत्तर आलं, "हो, खराबच आहे!"

नाशिकला अंबडच्या औद्योगिक वसाहतीतल्या आमच्या छोट्या कंपनीत त्यांना समोर सगळे 'साहेब' म्हणायचे आणि मागे 'दवंडी'. हे नाव कुणी ठेवलं ते ठाऊक नाही, पण ते त्यांना माहीत होतं आणि आवडतही होतं. मूळचे ते येवल्याचे. मी एकदा धीर करून विचारलं, "साहेब, आवाज पहिल्यापासून असाच?" मला वाटलं काहीतरी मोठं कारण निघेल. तर म्हणाले, "अगं, घरात हातमाग. दिवसभर खटखट, खटखट. आई पलीकडच्या मागावर, वडील अलीकडच्या. मीठ मागायचं तरी ओरडूनच मागावं लागायचं. दुसरं काही नाही." पैठणीच्या घरात वाढलेला माणूस आणि बोलणं मात्र गोधडीसारखं जाड.

पण आवाज हा त्यांचा खरा विशेष नव्हेच. खरा विशेष वेगळा होता. त्यांना एकट्याने जाऊन कामाचं काही विचारलं, की ते तुम्हाला एकट्याला उत्तरच द्यायचे नाहीत. मी कामाला लागले त्या आठवड्यातली गोष्ट. नव्वदचं दशक निम्मं उलटलं होतं, माझा डिप्लोमा नुकताच झालेला. ड्रॉइंग घेऊन मी भीत भीत त्यांच्या केबिनमध्ये गेले आणि एक माप विचारलं. ते उठले, माझ्या हातातला कागद घेतला आणि मला हॉलच्या मधोमध आणून उभं केलं. टाळी वाजवली. "ऐका हो! सोनवणेबाईंनी एक चांगला प्रश्न विचारलाय!" सगळ्यांनी हातातली कामं थांबवली. मला वाटलं, धरणी दुभंगावी आणि आपण आत जावं. मग त्यांनी तो प्रश्न सगळ्यांना सांगितला, त्याचं उत्तरही सगळ्यांना सांगितलं आणि म्हणाले, "एकाला सांगितलं म्हणजे कुणालाच सांगितलं नाही. तो उद्या तापाने झोपला तर आपण काय त्याच्या उशाशी जाऊन विचारायचं?"

मी घरी येऊन आईला म्हटलं, "आमचा साहेब वेडा आहे." आई म्हणाली, "पगार वेळेवर देतात ना? मग असू दे वेडा." पण हळूहळू मलाच सवय लागली. आपल्या प्रश्नाला दवंडी मिळाली की अंगावर मूठभर मांस चढायचं. त्यांच्या बोलण्यातली 'सोनवणेबाई' जाऊन 'अगं सोनवणे' कधी आली, ते कळलंसुद्धा नाही.

आमची कंपनी विजेच्या मोटर बनवायची. दुसऱ्यांच्या यंत्रांत बसणाऱ्या, त्यामुळे आमचं नाव कुठेच नाही. मग आमचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक तुटलं आणि शेठच्या तोंडचं पाणी पळालं. त्यांनी ठरवलं, आता स्वतःच्या नावाची वस्तू काढायची. घरगुती पिठाची गिरणी. तेव्हा घरोघरी नवीच आली होती ती, आणि बायकांना तिची हौसही होती. शेठ आमच्या हॉलमध्ये आले आणि उभ्या उभ्या सांगून गेले, "दिवाळीच्या आधी गिरणी दुकानात पाहिजे. भाजणी दळायच्या वेळेला. नाही जमलं तर हा नवीन वस्तूंचा विभाग बंद. मला मग तुम्हाला पोसणं जमणार नाही." शेठ गेले. आम्ही एकमेकांची तोंडं बघत बसलो. दवंडीसाहेब म्हणाले, "चला, निदान कुजबुजले नाहीत. सगळ्यांना एकदम कळलं."

आमचा विभाग म्हणजे मूठभर माणसं. गिरणीचे भाग हाताने घडवणारे पगारे, खरेदी बघणारे कुलकर्णी, मोटरवाले दोघं, ड्रॉइंग करणारी मी आणि साहेब. पगारे दिंडोरीकडचे. उंचेपुरे, बोलणं कमी, आणि बोलले की "लय भारी" किंवा "नाय जमायचं", मधलं काही नाही. साहेबांनी पहिल्याच दिवशी फर्मान काढलं की दुपारचा डबा सगळ्यांनी एकत्रच खायचा आणि डबा उघडण्याआधी प्रत्येकाने आज आपलं काय फसलं ते सांगायचं. जमलेलं सांगायची बंदी. "जमलेलं दिसतंच की," ते म्हणायचे, "फसलेलं आपण पोटात ठेवतो. आणि ते पोटात असलं की जेवायला जागा कुठे राहणार?"

सुरुवातीला सगळे मूग गिळून बसायचे. भाजी गार व्हायची. साहेबांना मात्र कुठलीच घाई नसे. ते स्वतःपासून सुरुवात करायचे, "आज मी मोटर उलटी फिरवली. दाणे खाली जायच्याऐवजी माझ्या नाकात गेले." हसता हसता मग एकेकाची जीभ सुटायची. पगारे सांगायचे, मोटरवाले सांगायचे. काही महिन्यांत असं झालं की मला मोटरचं कळायला लागलं, मोटरवाल्यांना पीठ गाळणाऱ्या जाळीचं आणि पगाऱ्यांना माझ्या ड्रॉइंगमधल्या चुका माझ्याआधी दिसायला लागल्या. कुणी एखाद्या दिवशी आलं नाही तर त्याचं काम अडायचं नाही. पाहुणा कुणी हॉलमध्ये आला तर त्याला कळायचं नाही की यातला नक्की कोण कसला माणूस आहे.

नाही म्हणायला एक गडी वेगळा होता, तो म्हणजे कुलकर्णी. कोणती वस्तू कुठून येते, याबद्दल ते कुणाला ताकास तूर लागू द्यायचे नाहीत. "माझा एक माणूस आहे," एवढंच. जाळी कोण देतो? "आहे माझा एक माणूस." पट्टा? "आहे एक." आम्ही चिडवायचो, "कुलकर्णी, लग्नाचं स्थळसुद्धा तुम्ही असंच सांगितलं असेल, आहे माझी एक बाई." साहेबांनी त्यांना कधी दटावलं नाही. एके दिवशी कंपनीची जीप काढली, आम्हा सगळ्यांना आत कोंबलं, कुलकर्ण्यांना पुढे बसवलं आणि म्हणाले, "कुलकर्णी, तुमचा माणूस आम्हालाही बघायचाय. घ्या मालेगाव!" जाळीवाला मालेगावचा आहे हे साहेबांना कसं कळलं, देव जाणे. जाळीवाल्याने आम्हाला चहा पाजला, जाळीचे सगळे नमुने दाखवले आणि कुठली का फाटते तेही सांगितलं. परतताना कुलकर्णी तोंड फुगवून बसले होते. चांदवडच्या घाटाशी एकदम म्हणाले, "साहेब, सगळं सगळ्यांना कळलं तर मग माझं काय राहिलं?"

 साहेबांनी, कधी नव्हे ते, उत्तर द्यायला वेळ घेतला. मग म्हणाले, "तुम्ही राहिलात की, कुलकर्णी. दुपारी तुमची मेतकूट-भाताची मूद कोण आणणार?" आम्ही हसलो. कुलकर्णी नाही हसले.

गिरणी आकाराला येत गेली. तिच्या पिठाने साहेबांचे केस, मिशा, चष्मा सगळं पांढरं असायचं. दळलेलं पीठ ते पुड्यांमध्ये भरून वाटत सुटायचे. वॉचमनला, चहावाल्याला, बँकेतल्या बाईंना, एस.टी.तल्या शेजारच्या सीटवरच्या अनोळखी माणसालासुद्धा. दुसऱ्या दिवशी पकडून विचारायचे, "भाकरी कशी झाली? थापताना चिरली का?" एकदा वॉचमनने सांगितलं की घरी बायको म्हणाली, पिठाची विरी गेल्यासारखी वाटते, चिकटपणाच राहत नाही, काठ फुटतात. साहेब ती बातमी घेऊन धावत हॉलमध्ये. पीठ फार तापतंय हे त्यांच्या लगेच लक्षात आलं. आठवडाभर आम्ही वाऱ्याची वाट मोठी कर, पाती बदल, असं करत होतो. मला भाकरी थापता येत नाही हेही त्याच आठवड्यात साऱ्या कंपनीला कळलं, ते कुणी कळवलं हे सांगायला नको.

श्रावण संपता संपता गिरणी झाली. काय सुंदर दळायची! बाजरी, नागली, गहू, डाळी, काहीही टाका. पगारे पिठात बोट बुडवून म्हणाले, "लय भारी." साहेबांनी त्या दिवशी डब्याआधी कुणालाच काही फसलेलं सांगू दिलं नाही. मग काही गिरण्या तयार करून वापरून बघायला घरोघरी दिल्या. काही आम्हा लोकांच्या घरी, काही कंपनीबाहेरच्या ओळखीपाळखीच्यांकडे. गणपती बसले होते, आम्ही खुशीत होतो. दिवाळी अजून लांब होती.

आणि गिरण्या परत यायला लागल्या. एक आली, मोटर जळलेली. दुसरी आली, तीही जळलेली. मग रोज एखादी. आम्ही हॉलमध्ये तशीच नवी गिरणी लावून बघायचो, दिवसभर दळायचो, काहीही व्हायचं नाही. कुलकर्णी म्हणाले, तांब्याची तार खराब आली असेल. तार तपासली, चोख. मोटरवाले म्हणाले, लोकांकडे विजेचा दाब कमी असतो. आम्ही दाब कमी करून चालवली, चालली. कुणीतरी म्हणालं, "लोकांना अक्कल नाही, दगडगोटे टाकत असतील." जळलेली गिरणी उघडली की आत निव्वळ धान्य असायचं, तेही न दळलेलं. आणि गंमत अशी, की आमच्या घरच्या गिरण्या ठणठणीत! जळायच्या त्या फक्त परक्यांच्या. शेठ हॉलच्या दारात यायचे, जळक्या गिरण्यांच्या ढिगाकडे बघायचे आणि परत जायचे. आमच्या जिवाचं पाणी पाणी होत होतं. साहेबांच्या घरी शिकणारी मुलगी होती, पगाऱ्यांनी नुकतंच घर बांधायला काढलं होतं, माझं लग्न ठरलेलं. विभाग बंद झाला तर कुठे जाणार होतो आम्ही?

मनमाडहून निरोप आला, रेल्वे क्वार्टरमधल्या एका घरची गिरणी बंद पडली. त्यांच्याकडे सोबत एक नवी गिरणी घेऊन साहेब आणि मी गेलो. घरातल्या बाई हसतमुख, आम्हाला पोहे केले. साहेबांनी नवी गिरणी मांडली आणि म्हणाले, "ताई, जुनी कशी चालवत होतात, तसंच करून दाखवा बरं." ताईंनी डब्यातली ज्वारी घेतली, गिरणीच्या वरच्या टोपात काठोकाठ ओतली, झाकण लावलं, हात पदराला पुसले आणि मग बटण दाबलं.

मी "अहो..." म्हणून ओरडणारच होते. साहेबांनी माझं मनगट घट्ट धरलं. गिरणी नुसती गुरगुरली. पाती ज्वारीत रुतून बसली होती, ती फिरणार कशी? आणि पाती अडली की मोटर जळणारच. साहेबांनी पुढे होऊन बटण बंद केलं. ताई घाबरल्या, "काय झालं? चुकलं का माझं काही?" साहेब म्हणाले, "नाही हो ताई. तुमचं एकदम बरोबर आहे. मिक्सरमध्ये आपण आधी घालतो आणि मगच बटण दाबतो की नाही?"

मनमाड ते नाशिक हा माणूस एस.टी.त एक शब्द बोलला नाही. माझ्या सगळ्या नोकरीत मी असा प्रवास पाहिला नाही. कंडक्टरने तिकीट मागितलं, तर खिशातून काढून दिलं, बस.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी सगळ्यांना एकेक करून गिरणीपाशी बोलावलं. "दळा." पगारे आले, बटण दाबलं, मोटर वेगात येईपर्यंत थांबले, मग दाणे ओतले. कुलकर्णी आले, तसंच. मोटरवाले, तसंच. "हे तुम्हाला कुणी शिकवलं?" साहेबांनी विचारलं. सगळे गोंधळले. कुणीच नाही शिकवलं! पहिल्या दिवसापासून आम्ही तसंच करत आलो होतो. घरी गिरणी दिली तेव्हा बायकोला, आईला आम्हीच चालवून दाखवली होती, त्यांनी आमचं बघून उचललं. माझ्या ड्रॉइंगमध्ये ते नव्हतं, सोबतच्या माहितीच्या कागदावर नव्हतं, आणि तो कागद आम्ही सगळ्यांनी वाचून पास केला होता! साहेब खुर्चीत बसले. आवाज खरंच खाली आला होता. "आपण इतकं एकमेकांना सांगत बसलो," ते म्हणाले, "की जे सगळ्यांना माहीत आहे ते जगालाही माहीत आहे असंच वाटायला लागलं. आपल्यात एक जरी नवखा माणूस असता ना, पहिल्याच दिवशी मोटर जाळून मोकळा झाला असता. आणि आपण त्याला शिव्या घातल्या असत्या."

पगारे म्हणाले, "साहेब, कागदावर मोठ्या अक्षरात छापू की, आधी बटण दाबा." साहेब म्हणाले, "पगारे, तुम्ही तुमच्या मिक्सरचा कागद वाचलाय?" पगारे म्हणाले, "नाय."

मग नवा रिवाज सुरू झाला. रोज बाहेरचं कुणीतरी बोलवायचं, ज्याने गिरणी कधी पाहिलेली नाही. त्याने ती वापरायची आणि आम्ही सगळ्यांनी तोंड बंद ठेवून नुसतं बघायचं. एक शब्द बोलायचा नाही. नियम साहेबांनीच केला आणि शिक्षा झाली तीही त्यांनाच. इंदिरानगरात आमच्या वरच्या मजल्यावर पाटीलकाकू राहायच्या, मी त्यांना भाजणीचा डबा घेऊन आणलं. काकू आल्या, गिरणीभोवती एक प्रदक्षिणा घातली आणि खालचा पिठाचा डबा ओढून त्यातच भाजणी ओतायला लागल्या. साहेब अर्धे उठले. पगाऱ्यांनी शर्टाला धरून खाली ओढलं. काकू म्हणाल्या, "अहो, इथेच घालायचं ना?" सगळे गप्प. "अगं, तू तरी सांग!" मी छताकडे बघितलं. "काय माणसं आहेत! बोलावलंत आणि सगळे मुके होऊन बसलात!" साहेबांनी रुमालाचा बोळा तोंडात कोंबला होता, डोळ्यांतून पाणी यायचं बाकी होतं. काकू गेल्यावर रुमाल काढून पहिलं वाक्य बोलले ते असं, "अहाहा! किती शिकवून गेल्या!"

अशा कितीतरी काकू, काका, चहावाले, पोस्टमन आले आणि प्रत्येकाने आमची गिरणी आपापल्या पद्धतीने चुकवून दाखवली. शेवटी उपाय निघाला तो साधाच. टोपाच्या तळाशी एक झडप बसवली आणि ती एका दांडीने बटणाला जोडली. बटण दाबून मोटर वेगात आली, की मगच झडप उघडायची. आता दाणे आधी ओता, नंतर ओता, पाटीलकाकूंनी ओतले तरी गिरणीला काही फरक पडत नव्हता. एकदाचं त्या झडपेचं नीट ठरलं आणि हॉलमध्ये सगळे नाचायचे बाकी राहिले.

पण या सगळ्यात दिवाळी होऊन गेली. लोकांनी भाजण्या दळल्या, चकल्या तळल्या, खाल्ल्या आणि आमची गिरणी दुकानात लागली संक्रांतीला. विकली जायला लागली, लोकांना आवडली, परत एकही आली नाही. तरी हंगाम गेला तो गेलाच. शेठनी साहेबांना बोलावून घेतलं.

बऱ्याच वेळाने साहेब बाहेर आले. दुसरा कुणी असता तर केबिनमध्ये जाऊन बसला असता. हे हॉलच्या मधोमध आले आणि टाळी वाजवली. "ऐका हो! शेठ विभाग बंद करत नाहीत. गिरणी चालेल असं त्यांना वाटतंय." आम्ही सुस्कारा सोडला. "पण एक माणूस कमी करायचाय. ज्याच्यावाचून काम अडणार नाही, असा. नाव मी द्यायचंय."

 कुलकर्ण्यांचा चेहरा तर पांढराफटक पडला. साहेबांनी त्यांच्याकडेच पहिल्यांदा बघितलं आणि विचारलं, "कुलकर्णी, पाती आणि जाळीतली फट नागलीसाठी किती, बाजरीसाठी किती?" ते काम पगाऱ्यांचं. कुलकर्ण्यांनी अडखळत, पण अचूक सांगितलं. "पगारे, मालेगावचा जाळीवाला माल द्यायला उशीर करतोय, काय कराल?" पगाऱ्यांनी दुसरा जाळीवाला कोण, त्याची जाळी कुठे मार खाते, ते घडाघडा सांगितलं. मला मोटरचं विचारलं, मोटरवाल्यांना ड्रॉइंगचं. आमचा जीव टांगणीला लागलेला, प्रत्येकाला वाटत होतं की आपण अडखळलो की गेलो. आणि साहेब एकेका उत्तराबरोबर खुलत चालले होते. मला रागच आला त्यांचा. माणसांच्या पोटावर पाय द्यायची वेळ आणि हे परीक्षेला बसलेल्या पोरांच्या मास्तरांसारखे खूश?

शेवटी ते म्हणाले, "छान. उत्तरासाठी तुमच्यातल्या एकालाही माझ्याकडे बघावं लागलं नाही. म्हणजे मी शेठना दिलेलं नाव बरोबर आहे."

"कुणाचं?" मी विचारलं.

"माझं."

कुलकर्णी लहान मुलासारखे रडायला लागले. "अहो साहेब, तुमच्याशिवाय कसं चालायचं?" साहेबांनी त्यांच्या पाठीवर हात ठेवला. "आत्ताच चालवून दाखवलंत की हो," ते म्हणाले. मी शेठकडे जाऊन भांडले. शेठ म्हणाले, "मी कुठे काढलं त्यांना? मला वाटलं होतं ते दुसऱ्या कुणाचं तरी नाव देतील. मी म्हटलं, विचार करा. तर म्हणाले, विचार करूनच सांगतोय, माझ्यावाचून काही अडत नाही."  महिनाअखेरीला साहेब गेले. जाताना त्यांनी गिरणीतून ताजी बाजरी दळून घेतली आणि पुडी पिशवीत टाकली.

त्यानंतर विभाग माझ्याकडे आला. दोन हजार साल उलटलं, गिरणीची दोन-तीन नवी रूपं निघाली. लग्नानंतरही मी इंदिरानगरातच होते, आणि साहेब माझ्या घरापासून चार गल्ल्या पलीकडे राहायचे. मी सणावाराला जायचे, ते माझ्या मुलाला खांद्यावर बसवून अख्ख्या सोसायटीला ऐकू जाईल अशा आवाजात गोष्टी सांगायचे. मजेत दिसायचे. एका दिवाळीला मी फराळ द्यायला गेले तेव्हा ते भाजी आणायला गेले होते. वहिनींनी मला आत बसवलं, चहा टाकला आणि सहज बोलता बोलता म्हणाल्या, "पहिले कितीतरी महिने फोन वाजला की धावत सुटायचे गं. आंघोळ करत असले तरी तसेच ओल्याने बाहेर यायचे. म्हणायचे, कंपनीचा असेल, काहीतरी अडलं असेल. कधीच कंपनीचा नसायचा. मग परत जाऊन बसायचे आणि मलाच सांगायचे, 'नाही आला ना? म्हणजे चाललंय व्यवस्थित.' आता नाही उठत."

माझा चहा तसाच राहिला. खरंच आम्हाला कधी त्यांना काही विचारावं लागलं नव्हतं. चहा, लग्नकार्य, तब्येत, सगळ्यासाठी आम्ही जायचो. कामासाठी एकदाही नाही. अडलंच नाही ना काही! त्यांनी अडायला काही ठेवलंच नव्हतं.

सुट्ट्या संपून कंपनी उघडली त्या सकाळी मी त्यांच्या घरी फोन लावला. वहिनींनी उचलला. मी म्हटलं, "कंपनीतून बोलतेय. साहेबांना द्या, एक अडलंय." पलीकडे फोन ठेवल्याचा आवाज आला, मग चपला फरफटल्याचा, मग ते. "बोल सोनवणे! काय झालं?"

मी म्हटलं, "साहेब, नागलीसाठी पाती आणि जाळीत फट किती ठेवायची?"

 

"अगं, हे तुला माहीत आहे," ते म्हणाले. अगदी हळू म्हणाले.

"हो साहेब," मी म्हटलं.

 मग त्यांनी घसा खाकरला आणि सांगायला सुरुवात केली. फट किती, ती तेवढीच का, कमी केली तर पीठ कसं तापतं, ओल्या दिवसांत नागली कशी चिकटते, जाळीची कुठली बाजू वर ठेवायची. सगळं, अगदी पहिल्यापासून. मी खुर्ची ओढून घेतली आणि त्यांचं होईपर्यंत "हो साहेब, हो साहेब" म्हणत ऐकत राहिले.